आनंदरावांच्या गालातली सुपारी

मानेवाडा रोडच्या मागे आमची वस्ती आहे. तिथे येऊन कोणी आनंदराव गजभियेंचं घर विचारलं, तर पानठेलेवाला आधी उलट विचारतो, "कोणते, गाडीवाले का?" नवख्या माणसाला वाटतं, दारात दोन-चार गाड्या उभ्या असतील. दारात असते एक जुनी स्कूटर, आणि तिचीही सीट मागून फाटलेली. पण नागपुरात ज्यांच्या दारात खरोखरच महागड्या गाड्या झुलतात, त्यांतल्या कितीतरी गाड्या आधी आनंदरावांच्या हाताखालून गेल्या आहेत, म्हणून ते गाडीवाले. मी त्यांचा शेजारी. एका वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागात नोकरी करतो. माझं काम खोटं लिहायचं नाही. दुसऱ्यांनी लिहिलेलं खोटं चौकटीत नीट बसवायचं आहे. त्यामुळे आनंदरावांना ज्यांनी फसवलं त्यांची कला मला इतरांपेक्षा जरा जास्त कळते, आणि रागही जरा जास्तच येतो.

आनंदराव मूळचे कुहीकडचे. तरुणपणी नागपुरात आले, एका गॅरेजमध्ये हात काळे केले आणि वर्धा रोडवर काचेचं ते मोठं शोरूम उघडलं तेव्हा तिथे लागले. कंपनी परदेशी, जुनी आणि महाग. नाव सांगत नाही, सांगितलं तर मलाच नोटीस यायची. सिग्नलला शेजारी येऊन थांबली की आपण उगाच आपल्या गाडीचा आरसा पुसायला लागतो, त्या जातीची गाडी समजा.

ग्राहकाच्या हाती किल्ली देण्याआधी नवी गाडी शेवटची तपासायची, हे आनंदरावांचं काम. त्याची त्यांनी एक पद्धतच करून टाकली होती. पुष्पलताबाई, म्हणजे त्यांची बायको, रोज रात्री वाटीत दोन-तीन सुपाऱ्या भिजत घालायच्या. सकाळी त्या डबीत घेऊन आनंदराव कामावर जायचे. गाडी सुरू करायला लावायचे, अख्खी सुपारी गालात धरायचे, बॉनेटवर पंजा ठेवायचे आणि डोळे मिटायचे. त्या वेळी कोणी बोलायचं नाही. ते स्वतःही बोलत नसत, आणि बोलू म्हटलं तरी गालातल्या सुपारीमुळे बोलता आलं नसतं. सुपारी त्यासाठीच होती, असं ते सांगायचे. समाधान झालं की दाताखाली सुपारी कडकन फुटायची. सुपारी फुटली म्हणजे गाडी पास.

पुढे हा शोरूमचा रिवाजच झाला. चाकाखाली लिंबू ठेवणं, नारळ फोडणं हे दुसरा माणूस करायचा. आनंदराव बौद्ध, त्यांचा त्या भानगडीशी संबंध नव्हता. पण लिंबावर विश्वास असलेली आणि नसलेली सगळीच गिऱ्हाइकं किल्ली घेण्याआधी विचारायची, "आनंदरावांनी सुपारी फोडली का?"

मी एकदा खोडी काढली. "आनंदराव, नुसता हात ठेवून खरंच काही कळतं का हो?"

ते हसले. "पहिले कळे, मुकुंदभाऊ. आता कंप्युटरच सांगते सारं. पण गाडी घेणाऱ्याचा कंप्युटरवर भरवसा नाही बसत. माणसावर बसते."

असा हा माणूस. स्वतःच्या हाताबद्दल त्याला फार भ्रम नव्हते. भ्रम होता तो कंपनीबद्दल.

मग रस्त्याच्या पलीकडे विजेवर चालणाऱ्या गाड्यांचं शोरूम उघडलं. तीही कंपनी महागच, पण कालपरवाची. आधी धंतोलीतले डॉक्टर रस्ता ओलांडून तिकडे गेले, मग कोळशाचे ठेकेदार. कोळशाच्या कमाईतून विजेची गाडी घेताना त्यांना काही वावगं वाटलं नाही, आणि आपल्याकडे वीज कशापासून होते ते पाहिलं तर वाटण्यासारखं काही नव्हतंही. इकडे आनंदरावांच्या डबीतल्या सुपाऱ्या संध्याकाळी तशाच घरी परत यायला लागल्या.

त्याच सुमारास माझ्या टेबलावर या जुन्या घराण्याच्या जाहिराती यायला लागल्या. पहिल्यांदा त्यांनी टिंगल केली. पूर्ण पानाचा फोटो, जंगलातला लांब रस्ता, कडेला एक गाडी वायर लावून उभी, शेजारी सतरंजी टाकून बसलेलं कुटुंब आणि रडकुंडीला आलेलं पोर. खाली ओळ, "काही जण पोहोचतात. काही जण चार्ज होतात." दुसऱ्या आठवड्यात कोऱ्या पानावर नुसती एक वायर, आणि खाली, "चार्ज फोन करतात. गाडी चालवतात." समोरच्याचं नाव कुठेही नाही. मोठ्या घरांची ही रीतच असते, शिवी अशी द्यायची की ज्याला लागायची त्याला लागावी आणि आपले हात स्वच्छ राहावेत.

टिंगलीने गिऱ्हाईक परतलं नाही तेव्हा त्यांनी खानदान काढलं. काळे-पांढरे फोटो, मिशीवाले संस्थापक, कातडं शिवणारे म्हातारे हात, लाकडाची चकाकी. मुलगा कितीही शिकलेला, कमावता असला तरी सोयरिकीच्या वेळी मंडळी हळूच घराणं विचारतात, तसा तो प्रकार होता. आणि खानदानही पुरेना तेव्हा त्यांनी काळजाला हात घातला. आता जाहिरातीत धडधड आली, श्वास आला, जीव आला. इंजिनाचा आवाज म्हणजे गाडीचा प्राण, आणि ज्या गाडीला आवाज नाही ती म्हणजे चाकं लावलेलं कपाट, असा एकूण सूर. पण काळजाची गोष्ट सांगायला खरा चेहरा लागतो, सुंदर चेहऱ्याने भागत नाही. तो चेहरा शोधायला पुण्याहून गौरांग आला.

हा गौरांग कंपनीच्या जाहिरातींचं पाहायचा. गोल चष्मा, पांढरे बूट, भेटेल त्याला काका. त्याने एका डॉक्टरीणबाईंच्या गाडीवर आनंदरावांना सुपारी फोडताना पाहिलं आणि तो वेडाच झाला. चहाच्या ठेल्यावर त्याने आनंदरावांना गाठलं आणि समोरच्या गाड्यांबद्दल विचारलं. आनंदराव आपल्या सवयीने बोलून गेले, "ज्याच्यात आवाज नाही, त्याच्यात जीव नाही." गौरांगने चहा तिथेच ठेवला. म्हणाला, "काका, हे सोनं आहे."

शोरूममध्ये दिवे लागले, कॅमेरे आले. आनंदरावांना पुन्हा पुन्हा गालात सुपारी धरून बॉनेटवर हात ठेवायला लावलं. मिटलेले डोळे, पंजा, फुगलेला गाल, सगळं अगदी जवळून टिपलं. मग सुपारी फुटण्याचा आवाज, आणि शेवटी तोंड रिकामं करून ते वाक्य. एवढ्यावर भागलं नाही. त्यांना एका बंद खोलीत बसवून पानंच्या पानं वाचायला लावली, कसल्याही गोष्टी, कसलीही वाक्यं, पाढेसुद्धा. "हे कशाले?" असं त्यांनी विचारलं, तर गौरांग म्हणाला, "तुमचा आवाज नीट बसावा म्हणून, काका." सह्या घेतल्या, शाल दिली.

जाहिरात तुफान चालली, हे मला नाकारता येत नाही. छत्रपती चौकात दोन मजले उंच आनंदराव डोळे मिटून उभे राहिले. सिनेमाच्या मध्यंतरात त्यांची सुपारी फुटली की पोरं शिट्ट्या मारायची. आमच्या वस्तीतल्या विहारात त्यांचा सत्कार झाला. तिथे आनंदराव माईक घेऊन म्हणाले, "लोकाईले वाटते हे कंपनीनं मले शिकवलं. नाही गा. हे माह्या मनातलं होतं. कंपनीनं फक्त मोठं करून सांगितलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण ते खरं होतं.

आता मोनालीबद्दल सांगायला हवं. ती आनंदरावांची एकुलती एक मुलगी, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालेली. एप्रिल उजाडला की आमच्या वस्तीत तिच्याइतकी मागणी कोणालाच नसते. सगळ्यांचे कूलर छतावरून उतरतात आणि मोनालीची वाट पाहत दारात बसतात. पंप, मोटर, पंखा, सगळं उघडते, पुसते, परत लावते. तिने हात लावलेला कूलर वारा तेवढाच देतो, पण खडखड करत नाही. तिच्या बापाने तर कित्येक उन्हाळे त्या बिनआवाजाच्या कूलरपुढे घोरत काढले आणि चौकात मात्र आवाजाचे गोडवे गायले. ही गोष्ट तेव्हा कोणाच्या लक्षात आली नाही, माझ्याही नाही.

त्या दिवशी मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. मोनाली बाहेरून आली ती चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "बाबा, माझी निवड झाली. सर्व्हिस सेंटरमध्ये."

"कुठं?"

"वर्धा रोडले."

आनंदरावांचा चेहरा खुलला. "आमच्याकडे?"

"नाही. समोर."

कप बशीत ठेवताना चहा सांडला. आनंदराव म्हणाले, "बाप चौकात उभा राहून सांगते, ज्याच्यात आवाज नाही त्याच्यात जीव नाही. अन् पोरगी त्याच गाड्याईचे नट कसून राहिली. लोक काय म्हणतीन मले?"

"लोक काही नाही म्हणत, बाबा. जाहिरात आहे ते."

"तुह्यासाठी जाहिरात असन. माह्यासाठी जबान आहे."

मोनाली शांतपणे बोलत होती. ती भांडत नाही, हेच तिचं वाईट आहे. "मी त्या गाडीचं सारं उघडून पाहिलं, बाबा. चांगली गाडी आहे. अन् उद्या तुमच्या कंपनीनंच बॅटरीची गाडी काढली तं?"

"नाही काढणार. विचारून येतो."

आणि हा भला माणूस दुसऱ्या दिवशी खरोखर विचारायला गेला. गौरांगने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, "काका, तुमच्या तोंडून आम्ही अख्ख्या शहराला शब्द दिलाय. आम्ही मागे फिरू का?" आनंदराव ते वाक्य जपून घरी घेऊन आले आणि कोर्टाचा निकाल वाचावा तसं मोनालीला ऐकवलं. ती म्हणाली, "असं तं सारेच म्हणतात, बाबा. मी नोकरी पत्करून राहिली." तेव्हा आनंदरावांचा पारा चढला आणि त्यांच्या तोंडून ते गेलं. भिंत पातळ आहे, माझ्या घरात स्पष्ट ऐकू आलं.

"मेल्या गाड्याईची नोकरी करायची असन, तं मले बाबा म्हणू नको!"

पुष्पलताबाई म्हणाल्या, "असं काय बोलता जी पोरीले?" मोनालीने ती नोकरी सोडली आणि नंदनवनला एका कोचिंग क्लासच्या काउंटरवर बसायला लागली. तिथे ती फोन उचलते आणि बॅच कधी सुरू होणार ते सांगते. घरात बापाला जेवायला वाढायची, औषध द्यायची, विचारलं तेवढं बोलायची. उन्हाळ्यात कूलर उतरले तर म्हणाली, यंदा वेळ नाही. वस्तीभर खडखडाट. फक्त स्वतःच्या घरचा कूलर तेवढा तिने दुरुस्त केला, आईसाठी.

त्यानंतर दोनेक वर्षं गेली. चौकातले आनंदराव उन्हाने फिके झाले, मग त्यांच्यावर एका दागिन्यांच्या दुकानाची जाहिरात चढली. आणि एके दिवशी माझ्या टेबलावर त्या जुन्या घराण्याचं नवीन पान आलं. जी गाडी ते मेलेली म्हणत होते, तीच त्यांनी काढली होती.

या लोकांना चूक झाली म्हणून सांगणं ठाऊक नसतं. त्यांनी कुठेही लिहिलं नाही, की कालपर्यंत आम्ही हिला कपाट म्हणत होतो. उलट लिहिलं, "शांततेलाही घराणं असतं." वाचून मी एकटाच हसलो. वाटलं, काय निर्लज्ज माणसं आहेत, आणि लिहितात काय सुंदर! पानासोबत आमच्या वेबसाइटसाठी एक व्हिडिओ होता. तो लावला आणि हसणं बंद झालं.

आनंदराव होते. मिटलेले डोळे, बॉनेटवर पंजा. आणि ते बोलत होते, त्यांच्याच आवाजात, "आयुष्यभर आवाज ऐकला. आता कळलं, खरा जीव शांततेत असतो."

मला आनंदरावांचा भयंकर राग आला. मनात म्हटलं, शाल दिली की हा माणूस काहीही बोलेल. पोरीची नोकरी मोडली, आणि आता हे. संध्याकाळी मी सरळ त्यांच्या घरी गेलो, चार शब्द सुनावायलाच.

घरात माझ्याआधी तो व्हिडिओ पोहोचला होता. क्लासमधल्या पोरींनी मोनालीला दाखवला होता. तिने फोन टेबलावर उभा करून ठेवला होता आणि तो पुन्हा पुन्हा वाजत होता. आनंदराव समोर बसून स्वतःचं बोलणारं तोंड पाहत होते. गडी पांढराफटक पडला होता.

"हे मी नाही बोललो," ते म्हणाले.

पुष्पलताबाई हळूच म्हणाल्या, "आवाज तं तुमचाच आहे जी."

"आवाज माझा आहे. बोललो मी नाही. मले ह्या गाडीले कोणी हातही लावू देल्ला नाही. कपड्याखाली झाकून आणली, ऐकाले काही नाही म्हणे, तुमचं काम नाही."

मोनाली म्हणाली, "काहून लपवता, बाबा? किती छान बोलले. दोन वर्षं आधी मले असं म्हटलं असतं, तं बरं झालं असतं."

"मोनाली, बापावर भरवसा ठेव वं."

"ठेवला होता ना."

आनंदराव माझ्याकडे वळले. मी मान खाली घातली. खरं सांगायचं तर माझाही विश्वास बसत नव्हता. जे डोळ्यांनी दिसतं आणि कानांनी ऐकू येतं, ते झालंच नाही असं माणूस सांगतो, तेव्हा काय करायचं?

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ओढतच शोरूममध्ये नेलं. मधोमध ती नवी गाडी, भोवती फुलं. गौरांग नेमका आलेला होता. आनंदरावांनी विचारताच त्याने काही लपवलं नाही. लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं.

"अहो काका, आता शूटिंगची गरजच नसते. तुमचं जुनं फुटेज होतं, तुमचा आवाज रेकॉर्ड केलेला होता. कंप्युटरला वाक्य दिलं, त्याने ओठ हलवले. तुमचा तो चेहरा लोकांना इतका आवडला होता, तो वाया का घालवायचा? आणि परवानगीची सही आहे तुमची." मग त्याने उत्साहाने गाडीचं दार उघडलं. "हे ऐका तर खरं." त्याने पडद्यावर बोट लावलं आणि गाडीतून जुन्या इंजिनाची घरघर आली, जशीच्या तशी, फक्त स्पीकरमधून. "ज्यांना आवाजाची सवय आहे त्यांच्यासाठी. तुम्ही हात ठेवला होता ना, त्याच गाडीचा आवाज आहे हा."

मी आनंदरावांकडे पाहिलं. त्यांचा हात सवयीने बॉनेटकडे गेला होता. बॉनेट गार होतं. त्यांनी हात काढून घेतला.

"गौरांग साहेब," ते म्हणाले, "तुमच्या गाडीशी मले काही घेणंदेणं नाही. आवाजाची काढा, बिनआवाजाची काढा. माझं एक काम करा. माझ्या घरी या, पाच मिनिटं. माझ्या पोरीले सांगा, की हे माझा बाप नाही बोलला, आम्ही बोललो."

गौरांगचं हसू गेलं. "काका, ते कसं सांगणार? कंपनी असं बाहेर बोलू शकत नाही."

"बाहेर नाही. घरात. चौकटीच्या आत."

"उद्या तिने कुठे लिहिलं, व्हायरल झालं, तर माझी नोकरी जाईल."

"तुम्ही माह्या तोंडानं दोनदा बोलले, साहेब," आनंदराव म्हणाले. "माह्या पोरीशी एकदा तुमच्या तोंडानं बोला."

गौरांगने चष्मा काढून पुसला. त्याला वाईट वाटलं असावं, तसा तो राक्षस नव्हता. पण तो आला नाही. म्हणाला, "काका, तुम्ही फार मनाला लावून घेताय. जाहिरात आहे ती." मोनालीनेही हेच म्हटलं होतं. तिने म्हटलं तेव्हा त्यात शहाणपण होतं, याच्या तोंडी ते ऐकून मला त्याची कॉलर धरावीशी वाटली. धरली नाही. त्यांच्या जाहिरातीवर आमचं पान चालतं.

परतताना आनंदराव स्कूटरवर माझ्या मागे बसले होते. अजनी मागे पडलं. मग म्हणाले, "मुकुंदभाऊ, मले वाटे कंपनी मले मानते. कंपनीले माझा गालच पाहिजे होता." थोडं पुढे गेल्यावर त्यांनी माझा खांदा एकदम घट्ट धरला. "थांबा. गाल!"

मला काही कळलं नाही. ते म्हणाले, "घरी चला, जल्दी."

मोनाली नुकतीच क्लासवरून आली होती. आनंदरावांनी तिच्याकडे फोन मागितला, व्हिडिओ लावला आणि टेबलावर ठेवला. मग स्वयंपाकघरातून वाटी आणली. पुष्पलताबाईंनी सवयीने सुपाऱ्या भिजत घातल्याच होत्या. आनंदरावांनी अख्खी सुपारी गालात धरली. खोलीत पंजा ठेवायला दुसरं काही नव्हतं, म्हणून चालू कूलरवर ठेवला, आणि डोळे मिटले.

"आउफ्यभल आवाव ऐकला," ते म्हणाले. "आता कललं..."

लाळ हनुवटीवर आली. पुष्पलताबाईंना हसू फुटलं आणि त्यांनी लगेच तोंडावर पदर धरला. आनंदराव थांबले नाहीत. पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागले, पुन्हा शब्दांचा तसाच चिखल. पन्नाशी उलटलेला माणूस मुलीपुढे डोळे मिटून बोबडं बोलत होता. मला तिथे बसवेना, पण उठताही येईना. मग त्यांनी डोळे उघडले, फुगलेल्या गालावर बोट ठेवलं आणि तेच बोट फोनवर नेलं.

मोनालीने फोन उचलला. पडद्यावरच्या बापाचा गाल फुगलेला होता, अख्ख्या सुपारीने तट्ट भरलेला, आणि त्या तोंडातून शब्द येत होते स्वच्छ, गाळलेल्या पाण्यासारखे नितळ. तिने व्हिडिओ थांबवला, चित्र बोटांनी मोठं केलं. बापाचा गाल पाहिला, पडद्यावरचा गाल पाहिला. लहानपणापासून ती तो गाल पाहत आली होती. त्या गालाने माणूस बोलू शकत नाही हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

"हो," ती म्हणाली. "हे तुम्ही नाही बोलले, बाबा. माझं चुकलं."

आनंदराव मटकन खुर्चीत बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, चेहरा मात्र मोकळा झाला होता, दोन वर्षांत पाहिला नव्हता इतका. पुष्पलताबाई चहा ठेवायला उठल्या. मलाही वाटलं, झालं, मिटलं.

मोनालीने फोन पर्समध्ये ठेवला. पर्सची चेन लावली. मग बापाकडे न पाहताच, नेहमीच्या शांत आवाजात म्हणाली, "पण मेल्या गाड्याईची नोकरी करायची असन तं मले बाबा म्हणू नको, असं म्हटलं, तेव्हा तुमच्या तोंडात सुपारी नव्हती."

ती आत गेली. सुपारी अजून आनंदरावांच्या गालातच होती, आणि त्यांनी ती फोडली नाही.